पतंग, दगडफूल आणि तांब्याची प्लेट

दिव्यावर येणाऱ्या पतंगांची माझी मुद्राचित्रं, म्हणजे तांब्याच्या प्लेटवरून कागदावर छापलेली चित्रं, बघणारे बहुतेकदा दोन प्रश्न विचारतात. पतंगच का? आणि मग, जरा दबकत: चित्रं एवढी काळी का? दोन्हींचं उत्तर एकमेकांत गुंतलेलं आहे, आणि ते सांगायचं तर सुरुवात मेझोटिंट या छपाईच्या पद्धतीपासूनच करावी लागते.

चित्र काढण्याच्या बहुतेक पद्धतींत आपण कोऱ्या पांढऱ्यापासून निघतो आणि गडद करत जातो. मेझोटिंटमध्ये आधी सगळी प्लेट काळी करायची आणि मग त्यातून उजेड बाहेर काढायचा. त्यासाठी रॉकर नावाचं हत्यार असतं. रुंद पोलादी पातं, खालची कड गोलाईत कापलेली, आणि त्या कडेला बारीक दात. माझ्या रॉकरला इंचाला ८५ दात आहेत. तो तांब्यावर उभा धरायचा आणि मनगटाने डावीकडे-उजवीकडे झुलवत पुढे न्यायचा. प्रत्येक दात तांब्यात टोचतो आणि त्या बारीक खड्ड्याच्या काठावर धातूचं कुसळ उभं राहतं. एका दिशेने सगळी प्लेट झाली की कोन थोडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं अनेक कोनांतून केल्यावर प्लेटवर गुळगुळीत जागा उरत नाही, सगळी कुसळंच कुसळं. तळहाताएवढ्या प्लेटलाही काही दिवस जातात. या अवस्थेत शाई लावून छापलं तर कागदावर नुसता काळा चौकोन उमटतो, आणि तो काळा रंग इतर कुठल्याच पद्धतीत मिळत नाही. त्याला खोली असते.

मग स्क्रेपर आणि बर्निशर. स्क्रेपरने कुसळं खरवडायची. जितकी खरवडाल तितकी ती जागा शाई कमी धरते, म्हणजे राखाडी होते. बर्निशरने पूर्ण घोटून गुळगुळीत केलेली जागा पांढरी छापली जाते. काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या छटा सलग मिळतात, कुठेही रेघ मारावी लागत नाही.

ही पद्धत शोधली लुडविग फॉन सीगन या जर्मन अधिकाऱ्याने. हेस-कासेलच्या राज्यकर्त्या अमेलिया एलिझाबेथ यांचं त्याने केलेलं व्यक्तिचित्र १६४२ सालचं आहे. पुढे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये तैलचित्रांच्या प्रती काढायला मेझोटिंट इतकं वापरलं गेलं, की फ्रेंच लोक त्याला ‘इंग्रजी पद्धत’च म्हणू लागले. फोटोग्राफी आली आणि प्रतींचं ते काम संपलं. माझ्या मते मेझोटिंटचं त्यात भलंच झालं, कारण मग जे कोणी त्याकडे वळले ते केवळ त्या काळ्यासाठी वळले. डच चित्रकार एशरने फक्त आठ मेझोटिंट केली, पण त्यातला १९४८ सालचा पानावरचा दवबिंदू बघितला की रेषेत विचार करणारा माणूसही या काळ्यापुढे कसा थांबला ते दिसतं. जपानी मुद्राचित्रकार योझो हामागुची यांनी तर पॅरिसमध्ये राहून रंगीत मेझोटिंटला नवं आयुष्यच दिलं. चेरी, अक्रोड, फुलपाखरू असे साधे विषय, आणि भोवती प्रचंड अंधार.

आता पतंग. त्यांचं वेड मला मुद्राचित्रणाच्या बरंच आधीपासून आहे. पांढरी चादर ताणून बांधायची, तिच्यासमोर दिवा लावायचा आणि वाट बघायची, हा माझा जुना उद्योग. जगभरात पतंगांच्या सुमारे १,६०,००० जातींची नोंद झालेली आहे, फुलपाखरांच्या आठ-नऊ पट. तरी लोकांच्या तोंडी फुलपाखरांचंच कौतुक असतं आणि पतंग म्हणजे दिव्यावर धडकणारी, कपड्यांना छिद्रं पाडणारी काहीतरी तपकिरी चीज. मला याचं मनापासून वाईट वाटतं. एखादा ‘तपकिरी’ पतंग भिंगाखाली घ्या. तो तपकिरी नसतो. त्यात राखाडी, गंजलेला लाल, फिकट जांभळा, आणि मध्येच एखादी शेवाळी रेघ असते.

पंखाला बोट लागलं की जी भुकटी बोटावर येते, ते त्याचे खवले. मुळात ते केसच, पण उत्क्रांतीत चपटे झालेले. प्रत्येक खवला पंखावरच्या बारीक खोबणीत देठाने रोवलेला असतो, आणि एका ओळीवर दुसरी ओळ थोडी चढलेली असते. सगळी नक्षी या खवल्यांत असते. ते गळाले की खाली उरतो तो पातळ, रंगहीन पडदा. म्हातारा पतंग ओळखायचा तो यावरूनच, पंखांच्या कडा विरळ झालेल्या असतात.

रॉकरने पहिल्यांदा पूर्ण तयार झालेली प्लेट मी त्याच भिंगाखाली धरली, ज्याने मी पंख बघते. तांब्यावर ओळीने उभी कुसळं दिसली, आणि पुढची काही वर्षं मी काय करणार हे तिथेच ठरलं. पंखाची नक्षी खवल्यांत असते, प्लेटचा काळोख कुसळांत. दोन्ही पृष्ठभागाच्या वरवरच असतात आणि दोन्ही हाताळल्याने झिजतात. प्रेसच्या रुळाखालून प्रत्येक वेळी जाताना कुसळं थोडी दबतात. काही डझन छाप्यांनंतर काळा उतरायला लागतो. तांब्यावर विजेने लोखंडाचा पातळ थर चढवून प्लेट टिकाऊ करता येते, पण मी तो चढवत नाही. आवृत्ती, म्हणजे एका प्लेटच्या छाप्यांची संख्या, छोटी ठेवते. पतंगाच्या चित्राने झिजू नये असा आग्रह मला पटत नाही.

याहून महत्त्वाचं एक कारण आहे, ते बाह्यरेषेचं. एचिंगमध्ये, म्हणजे सुईने ओढलेली रेघ ॲसिडने कोरण्याच्या पद्धतीत, रेघ ओढली की पहिली येते ती बाह्यरेषा. आणि झाडाच्या सालीवर बसलेल्या पतंगाची सगळी धडपड ती बाह्यरेषा मोडण्यासाठी असते. पंखावरचे पट्टे मुद्दाम कडेपर्यंत जातात आणि तिथे तुटतात. बघणाऱ्याच्या नजरेला पंख कुठे संपला आणि साल कुठे सुरू झाली ते कळू नये, अशीच ती रचना. त्याला कडेने रेघ मारून दाखवणं म्हणजे त्याने लपवलेलं चव्हाट्यावर आणणं. मेझोटिंटमध्ये रेघच नसते. एक राखाडी दुसऱ्या राखाडीत सरकतो. पतंग दिसायला वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा.

चादरीवरच्या पतंगांची चित्रं मी करत नाही. दिव्याभोवती ते का घिरट्या घालतात याचा एक चांगला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवान कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रीकरणात दिसलं, की उडणारे कीटक प्रकाशाकडे पाठ वळवतात. आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, तेव्हा पाठ उजेडाकडे ठेवली की वर-खालीचा अंदाज राहतो. जवळचा दिवा हा हिशोब बिघडवतो. पतंग त्याच्याकडे पाठ करायला बघतो, कलतो, आणि गोल गोल फिरत राहतो. म्हणजे दिव्याजवळचा पतंग हा वाट चुकलेला पतंग. ओळख पटवायला, नोंदी करायला चादर ठीक आहे, तीही थोडा वेळ लावून मी दिवा बंद करते. चित्रासाठी मात्र दिवसा शोधायला जावं लागतं: खोडांच्या खाचा, फांद्यांच्या खालच्या बाजू, कुंपणाचे जुने खांब. तिथे तो त्याला हवा तसा बसलेला असतो.

छाप्याचा एक जुना त्रास पतंगांमुळे वाचतो. प्लेटवर जे डावीकडे असतं ते कागदावर उजवीकडे येतं. रेम्ब्राँने १६५० साली एका शंखाचं एचिंग केलं. स्वतःची सही त्याने प्लेटवर उलटी कोरली, त्यामुळे ती सरळ छापली गेली. शंख मात्र दिसला तसाच काढला, आणि छाप्यात त्याची वळणं उलट्या दिशेला गेली. पंख पसरून बसलेला पतंग दोन्हीकडून सारखा असतो, त्याला उलटवलं तरी तो तोच. पंख एकावर एक दुमडून बसणाऱ्या जातींचं मात्र भान ठेवावं लागतं. कुठला पंख वर आहे याची नोंद मी चित्रवहीत बाणाने करते आणि प्लेटवर घेताना आरशात बघून घेते.

मारिया सिबिला मेरियनने यावर वेगळी वाट काढली होती. फ्रँकफर्टमध्ये १६४७ साली जन्मलेली ही बाई. वडील खोदकाम करणारे आणि प्रकाशक, सावत्र वडील चित्रकार. तेराव्या वर्षी ती रेशमाचे किडे पाळून त्यांचं निरीक्षण करत होती. १६९९ मध्ये धाकट्या मुलीला घेऊन थेट सुरीनामला गेली, तिथल्या सुरवंटांचा आणि पतंगांचा अभ्यास केला आणि १७०५ मध्ये ६० प्लेट्सचा ग्रंथ काढला. सुरवंट, कोष, पतंग आणि त्या सुरवंटाची खायची वनस्पती, सगळं एकाच चित्रात. तिच्या रंगवलेल्या प्रतींतल्या काही उलट-छाप्यांवर केलेल्या आहेत. प्लेटवरून काढलेला छापा ओला असतानाच त्यावर दुसरा कागद ठेवून पुन्हा प्रेसमधून काढायचा. चित्र फिकट येतं, पण मूळ दिशेला येतं, आणि कडेला प्लेटची खूणही दबत नाही. त्या फिकट रेषांवर रंग भरला की हातानेच काढलेलं चित्र वाटतं. मला मेरियनबद्दल वाटतं ते नुसतं कौतुक नाही. तिने आधी किडे बघितले आणि मग त्यांच्यासाठी छापण्याची पद्धत वाकवली, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या सामायिक स्टुडिओत एक तरुण मुलगा येतो, हात चांगला आहे. परवा म्हणाला, “ताई, तंत्र जमतंय हो, पण विषय सापडत नाही.” मी त्याला विचारलं, छापायचं नसतं तरी तू काय बघत बसला असतास? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, पूल. लोखंडी पुलांचे सांधे, रिव्हेट, गंज. मग त्याला म्हटलं, पुलांवर जा, महिनाभर प्लेटला हात लावू नकोस. गंज कसा चढतो ते कळलं की ॲसिडशी काय बोलायचं ते आपोआप कळेल. हे मी त्याला समजुतीखातर सांगितलं नाही. माझा खरोखरच असा अनुभव आहे, की आवड जितकी खोल जाते तितका हात कमी अडखळतो.

दुसरं वेड दगडफुलाचं, म्हणजे लायकेनचं. ते पतंगांमुळेच लागलं. पतंग शोधत खोडं न्याहाळायची सवय झाली, आणि पतंग न सापडलेल्या दिवशीही नजर सालीवरून हलेना. दगडफूल हा एक जीव नव्हे, बुरशी आणि शैवाल यांचा संसार. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हावर अन्न करतं. काही जाती दगडाला इतक्या चिकटून पसरतात की खरवडल्याशिवाय सुटत नाहीत, आणि वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. नकाशासारखी दिसणारी ऱ्हायझोकार्पन ही जात एवढ्या संथ आणि नेमाने वाढते, की तिच्या वर्तुळाच्या व्यासावरून दगड उघडा पडून किती काळ झाला याचा अंदाज बांधतात.

त्यासाठी मेझोटिंट चालत नाही. तिथे ॲक्वाटिंट हवं. राळेची बारीक पूड प्लेटवर धुळीसारखी बसू द्यायची, खालून उष्णता देऊन प्रत्येक कण जागच्या जागी वितळवायचा, आणि प्लेट फेरिक क्लोराइडमध्ये सोडायची. कणांच्या मधलं उघडं तांबं खाल्लं जातं. जितका वेळ जास्त, तितकी छटा गडद. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९ च्या ८० प्रिंट्सच्या मालिकेत ॲक्वाटिंटच्या सपाट काळोखातून जे उभं केलं ते सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र ॲक्वाटिंटचा दाणाच जास्त आवडतो. राळ जरा जाड पडली की कडेला जे खडबडीत, तुटक ठिपके उमटतात, ते दगडफुलाची कड कागदावर आपसूक आणतात. (राळेची पूड छातीत जाते आणि ठिणगीने पेटते. मास्क लावल्याशिवाय आणि जवळची ज्योत विझवल्याशिवाय ती उडवू नका. हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते.)

दगड आणि दगडफूल यांचा विषय निघाला की हर्क्युलस सेगर्सचं नाव घ्यावंच लागतं. सतराव्या शतकातला हा डच चित्रकार रंगीत शाईने, रंगवलेल्या कागदावर, कधी चक्क कापडावर छापे काढायचा. एकाच प्लेटचे दोन छापे सारखे नाहीत. त्याचे डोंगर बघताना दगडाला कीड लागल्यासारखी वाटते, सगळा पृष्ठभाग दाणेदार, जिवंत. रेम्ब्राँकडे त्याची चित्रं होती, आणि त्याची एक प्लेटही. त्या प्लेटवरच्या आकृत्या खरवडून रेम्ब्राँने तिथे दुसरं दृश्य कोरलं, पण सेगर्सचं निसर्गदृश्य बरंचसं तसंच ठेवलं.

रंगासाठी मी मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डींच्या मार्गाने जाऊन बघते आहे. पॅरिसमध्ये हेटर यांच्या अतेलिए १७ या छपाईच्या स्टुडिओत काम करताना त्यांनी आणि कायको मोती यांनी व्हिस्कॉसिटी छपाई विकसित केली. प्लेट वेगवेगळ्या खोलीला कोरायची, शाईत तेल कमी-जास्त करायचं. मऊ रूळ खोल जागी पोचतो, कडक रूळ वरवरच फिरतो. जास्त तेलाच्या शाईवर कमी तेलाची शाई बसत नाही, त्यामुळे एकाच प्लेटवर अनेक रंग न मिसळता राहतात. दगडफुलाचे पिवळे, करडे, हिरवे थर नेमके असेच एकमेकांच्या वर-खाली असतात. हात अजून बसतोय.

पतंग आणि दगडफूल ही दोन वेडं एकत्र आली ती पेपर्ड मॉथमुळे. पांढऱ्यावर मिरपूड शिंपडल्यासारखा हा पतंग. दगडफुलाने भरलेल्या सालीवर बसला की दिसेनासा होतो. मँचेस्टरमध्ये १८४८ साली त्याचा पूर्ण काळा प्रकार नोंदवला गेला. कारखान्यांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने दगडफूल मेलं, काजळीने सालं काळी पडली, फिकट पतंग पक्ष्यांना दिसू लागले. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. हवा सुधारली तशी दगडफुलं परतली आणि फिकट पतंगही. ब्रिटिश संशोधक मायकेल मजेरस यांनी वर्षानुवर्षं मोजदाद केली. त्यात अर्ध्याहून अधिक पतंग खोडाऐवजी आडव्या फांद्यांवर बसलेले आढळले. मी खोडाची रचना बाजूला ठेवून फांदी घेतली ती त्यामुळेच. ही जात माझ्या चादरीवर येत नाही, म्हणून टाचलेले नमुने समोर ठेवून काम चाललंय.

पतंगासाठी एक प्लेट मेझोटिंटची, फांदीवरच्या दगडफुलासाठी दुसरी ॲक्वाटिंटची, आणि दोन्ही एकाच कागदावर. इथे कागद दमवतो. छपाईसाठी तो ओलवलेला असतो आणि रुळाखालून जाताना थोडा ताणला जातो. मध्ये वाळला तर आकसतो आणि दुसरी प्लेट जागेवर बसत नाही. म्हणून पहिली प्लेट छापल्यावर कागद पूर्ण बाहेर काढायचाच नाही. त्याची एक कड रुळाखाली दाबलेली ठेवायची, बाकीचा कागद प्रेसच्या ब्लँकेटसकट रुळावर उलटवायचा, पहिली प्लेट उचलून त्याच खुणांवर शाई लावलेली दुसरी ठेवायची, कागद पुन्हा अंथरायचा आणि उलट दिशेने रूळ फिरवायचा. काळा पतंग काजळीच्या फांदीवर, फिकट पतंग दगडफुलाच्या फांदीवर. पतंगाची प्लेट दोन्ही छाप्यांना एकच असावी असं मनात होतं, पण फिकट करायला खरवडलेली प्लेट पुन्हा काळी होणार नाही. तेव्हा काळ्या पतंगाची सगळी आवृत्ती आधी छापून घेतेय आणि मग त्याच प्लेटमधून फिकट पतंग बाहेर काढणार.

याशिवाय एक प्लेट अशी आहे जिची आवृत्ती मी काढणार नाही. एका दगडावर पानासारखं पसरणारं दगडफूल मी दर वर्षी मोजते. त्यावर पारदर्शक कागद ठेवते, पेन्सिलने कड उतरवते आणि जितकं वाढलं तितकं प्लेटवर वाढवते. नवी राळ, नवा बाइट (म्हणजे प्लेट पुन्हा फेरिक क्लोराइडमध्ये सोडणं), मग एकच छापा, खाली वर्ष. मधला भाग दर वेळी थोडा वेगळा छापला जातो, कारण जुने दाणे झिजतात. या वर्षी गोगलगाईंनी त्याची एक बाजू कुरतडली. तेवढा तुकडा प्लेटवरूनही काढावा लागला. स्क्रेपरने खरवडून घोटल्यावर तांबं तिथे खाली बसलंय, शाई पुसताना त्या खोलगट जागेत साचते. आता कॅलिपरने जागा धरून मागच्या बाजूला खूण करायची, प्लेट पालथी घालायची आणि हलक्या हातोडीने ती जागा वर आणायची. ते झालं की गोगलगाईंनी सोडलेल्या कडेसाठी राळ उडवायची.